मास्तरांचा सराव

सोमवार, ३
नोकरी लागली! टेबल खिडकीपाशी, खुर्ची जरा कुरकुरते, पण माझी. समोर काचेपलीकडे यंत्रखोली. मुख्य तंत्रज्ञांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी सांगितलं, महिनाभरात स्विचची परीक्षा पास हो, मग कायम. खऱ्या स्विचना, म्हणजे सगळ्या तारा जोडणाऱ्या त्या पेट्यांना, इतक्यात हात लावायचा नाही. इमारतीतले फोन, संगणक, दारांची कुलुपं, आगीची घंटासुद्धा त्यांच्यावर चालतात. सराव संगणकातल्या आभासी स्विचवर. तिथे काही चुकलं तरी कुणाचं बिघडत नाही. ताईला कळवलं. कायम होईपर्यंत हवेत उडू नकोस, म्हणाली.

गुरुवार, ६
संगणकावर आधीच्या माणसाची सरावाची फाइल सापडली. चार स्विच, सुबक जोडणी, प्रत्येक पोर्टला, म्हणजे तार खोचायच्या जागेला, एकेका खोलीचं नाव. ती मास्तरांची, असं मामांकडून कळलं. इथल्या सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. सगळे पास झाले, मास्तर मात्र तीनदा नापास. चौथ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ते याच खुर्चीत गेले. सांगताना मामा हसायला गेले, पण हसू काही आलं नाही.

मंगळवार, ११
एक पोर्ट चुकून बंद झाला, तो तसाच ठेवून जेवायला गेले. परत येते तर चालू. नोंदी चाळल्या. एक वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी माझी चूक दुरुस्त केली होती. हा संगणक कशालाच जोडलेला नाही. आणि खोलीत कुणी आलं नव्हतं.

शुक्रवार, १४
रोज दुरुस्त्या. खोटं कशाला बोलू, त्यातूनच शिकतेय. पण आज माझे हात मांडीवर असताना पडद्यावर ओळ उमटली: 'खऱ्यावर कधी?'
मामांना दाखवली. मग त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी मास्तरांनी त्यांच्याकडे एकच मागणं केलं होतं, तासभर खऱ्या स्विचवर हात फिरवू द्या. मामांनी नाही म्हटलं.
"नियम होता गं," म्हणाले.

सोमवार, १७
मामांनी फाइल पुसली. पुसताना पुटपुटले, "माफ करा, मास्तर."
दुपारी ती परत आली. आता पाच स्विच. पाचवा आम्ही कुणीच बनवलेला नाही. त्याचं नाव — यंत्रखोली.

मंगळवार, १८
सकाळी अकरा. सगळे फोन बंद. मामा बघायला यंत्रखोलीत गेले. दार लागलं. उघडत नाही.
आगीची घंटा. आग नाही कुठेच. पण घंटा वाजली की आत वायू सुटतो — आग गुदमरवणारा — माणूसही —
बाकीचे जिन्याकडे पळाले. मी यंत्रखोलीच्या दाराला कार्ड लावलं, काचेवर खुर्ची आपटली. काच फुटत नाही. संगणकावर लिहिलं, मास्तर, दार उघडा. उत्तर आलं: 'थांब. जमतंय.'
आता कळफलकाच्या कळा दाबल्या जात नाहीत. म्हणून हे वहीतच लिहितेय. कुणीतरी वाचावं.
मामांचा तळहात काचेवर. घसरतोय. मास्तर, ते मामा आहेत, तुमचेच —
पडद्यावर: 'जमलं. आता पुढची खोली.'
माझ्या दाराचा खटका —