शिफ्टवरची करंगळी

बाई,

लेक काल माझ्याशी भांडली, तेही तुमच्यावरून. तिनं तुम्हाला कधी बघितलेलं नाही. तिच्या जन्माआधीच तुम्ही गेलात. बेळगावात एका कंपनीत ती इंग्रजी पत्रं लिहायचं काम करते. तिचं एक पत्र सहज वाचलं आणि म्हटलं, अगं, कोलनच्या पुढं कॅपिटल कसलं टाकलंस, लहान कर ते. तर म्हणते, "मम्मी, पुढं पूर्ण वाक्य असलं तर अमेरिकेत चालतं. आमचं गिऱ्हाईक तिकडचं हाय." मी म्हटलं, ते अमेरिकेचं तिकडं, आमच्या बाईंनी सांगितलंय, कोलन असो का सेमीकोलन, पुढचं अक्षर लहान. "कोण गं ह्या बाई?" तिनं हसत विचारलं, म्हणून आज हे पत्र लिहायला बसले. सेमीकोलनच्या बाबतीत मात्र ती तुमच्याच बाजूची आहे. तेवढं समाधान असू द्या.

निपाणीतल्या तुमच्या घराची पुढची खोली म्हणजे टायपिंगचा क्लास, मागं स्वयंपाकघर, आणि मधे एक पडदा. मी एसएसएलसी, म्हणजे दहावी, होऊन घरी बसले होते. आई तंबाखूच्या वखारीत निवडायला जायची; तिच्या अंगाचा, लुगड्याचा, जेवणाच्या डब्याचासुद्धा तंबाखूचाच वास. ती म्हणाली, "एक डाव परीक्षेला बस. पास झालीस तर हापिसात जा, न्हाय तर माझ्यासंगं वखारीत चल." बुद्धविहाराच्या गल्लीतून तुमच्याकडं येणारी मी पहिलीच. निघताना तिनं बजावलं होतं, "त्यांच्या घरात आपनहून पानी मागू नको. दिलं तर घे." तुम्ही पहिल्याच दिवशी दिलंत. पिऊन झाल्यावर मी पेला विसळायला उठले, तर केवढ्यांदा ओरडलात, "आगं ए, टायपिंग शिकाय आलीस का भांडी घासाय? ठेव तिथं!" मी पेला ठेवला आणि घरी येऊन आईला सांगितलं. त्या दिवशी भाकरी थापताना ती गुणगुणत होती.

माझी अडचण डाव्या करंगळीची. त्या जुन्या मशीनचं शिफ्ट दाबलं की वरचा सगळा लोखंडी भार उचलला जायचा, आणि बोट जरा ढिलं पडलं की कॅपिटल अक्षर ओळ सोडून वर उडायचं. परीक्षेत उडालेलं प्रत्येक कॅपिटल म्हणजे चूक. तुम्ही आत फोडणी देत असायचात, तरी तुम्हाला आवाजावरून कळायचं. "उडालं! परत उडालं बघ!" मग पदराला हात पुसत तुम्ही बाहेर येता, माझ्या मागं उभ्या राहता, आणि माझ्या करंगळीवर तुमची करंगळी ठेवून दाबता. "असं. पार तळाला. जीव न्हाय का गं बोटात?" हात गरम असतो, त्याला जिऱ्याचा वास असतो. मी मान वर करत नाही.

एक दिवस तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम एक उतारा टाइप करून आणलात. त्यात फुलस्टॉप जवळजवळ नव्हतेच. जिथं वाक्य संपायला हवं तिथं सेमीकोलन. "पुढचं अक्षर लहान, शिफ्टची कटकट न्हाय. तेवढाच तुझ्या बोटाला इसावा." सेमीकोलन तसं उजव्या करंगळीच्या घरातलंच, नुसतं टेकलं की उमटतं. पानभर एकच वाक्य चाललेलं. शेजारच्या मशीनवर शिकायला येणाऱ्या शाळेतल्या मास्तरांनी डोकावून विचारलं, "बाई, हे वाक्य संपणार कधी?" तुम्ही म्हणालात, "हिची करंगळी सुधारली की." मी तोंडावर हात दाबून हसले. माझ्यासाठी कुणी इंग्रजीचे नियम वाकवतंय, हे मला केवढं वाटलं होतं म्हणून सांगू!

पण परीक्षेचे फॉर्म आले आणि तुम्ही माझा बाजूला ठेवलात. "या खेपेला न्हाय. परीक्षेत तुला सेमीकोलनचा उतारा कोण देणार हाय? अजून कॅपिटलं उडत्यात. पुढच्या खेपेला बघू." आई पुढच्या खेपेपर्यंत थांबणार नव्हती. मी म्हटलं, "बाई, भरा. उडणार न्हाईत." "कशावरून?" "भरा की बाई." तुम्ही फॉर्म पुढं ओढलात आणि भरलात.

परीक्षेला मशीन आपलं आपणच न्यायचं. चादरीत गुंडाळलेलं ते धूड बेळगावच्या एसटीत आपल्या दोघींच्या मधे बसवलं होतं. कंडक्टरनं कानडीत विचारलं, "इदेन्री?" हे काय म्हणून. तुम्ही अगदी ठसक्यात, "मशीन री. हुडगी परीक्षा ऐती!" पोरीची परीक्षा आहे. तो लगेजचं तिकीट फाडायचं म्हणत होता, ते विसरून मलाच म्हणाला, "चलो माडु हां." चांगली दे. संकेश्वर गेलं तरी तुम्ही मशीनवरचा हात काढला नव्हता, घाटात ते हलेल म्हणून.

मी पास झाले. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात लागले, पहिल्या वर्षीच आईची वखार सोडवली. निकाल घेऊन आले तेव्हा तुम्ही पेढा माझ्या तोंडात कोंबलात आणि म्हणालात, "एकसुद्धा कॅपिटल उडालं न्हाय म्हणं. एका म्हैन्यात असं काय झालं गं बोटाला?" मी नुसती हसले. पुढं बेळगावलाच राहिले, येणं कमी झालं, आणि एक दिवस तुम्ही गेल्याचंच कळलं. आता तुमच्या त्या खोलीत मोबाईलचं दुकान आहे. हे पत्र पाठवायचं तरी कुठं?

तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र देते. बाई, रोज नळावरून भरल्या घागरी आणणारी पोर मी, माझ्या बोटात जोर नसायला काय झालं होतं? करंगळी केव्हाच तयार झाली होती. मीच अर्धी दाबत होते. तोवर आमच्या गल्लीबाहेरच्या कुणी माझ्या हातावर असा हात ठेवला नव्हता. तुम्ही हातातलं काम टाकून बाहेर यावं, म्हणून मी कॅपिटलं उडवत होते.