रिंकूचं पथ्य

तिरोडा, ९ फेब्रुवारी २०२४

ती. चमेलीताईस ओमेश्वरीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र काऊन, म्हणून हसशील. पण घर केवढंसं, अन् रिंकूचे कान तुला ठाऊकच आहेत.

नागपूरच्या डॉक्टरांनी परवा आम्हा दोघांना बाजूला घेतलं. कॅन्सरवर आता उपाय उरला नाही, घरी न्या, दुखू नये म्हणून हे औषध देत राहा आणि लेक मागेल ते खाऊ द्या, म्हणाले. दोन वर्षं याच डॉक्टरांनी बाहेरचं खाणं, मातीत खेळणं, सगळं बंद केलं होतं. डोळ्यांत तेल घालून मी पथ्य सांभाळलं. कालपर्यंतचं विष आज कसं चालतं, मला समजत नाही.

हे तर येताना बाजारातून तिच्या आवडीचे गुपचूप, ती पाणीपुरी, घेऊन आले. रिंकू आधी पुऱ्यांकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. हे मले चालत नाही नं, मग बाबानं काऊन आणलं, असं विचारलं. मी म्हटलं, आता चालते. ताई, तिचा चेहरा खर्रकन उतरला. पुरीला हातही लावला नाही. तेव्हापासून काही मागत नाही, आमच्याशी बोलत नाही. नऊ वर्षांच्या लेकराला काय सांगू? सांगू की नको?

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ओमेश्वरी

सौंदड, १३ फेब्रुवारी

चि. सौ. ओमेश्वरीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, रडून घेतलं, आता लिहिते. तुझे मालक म्हणजे भोळा शंकर! अगं, रागावणारी आई एकाएकी सगळ्याला हो म्हणू लागली तर मोठं माणूसही घाबरेल. लहानपणी तुला ताप आला अन् आईनं रागावणं सोडलं, की मी मरते म्हणून तू भोकाड पसरायचीस. विसरलीस?

तू आपली रागव. तिनं विचारलंच तर खोटं बोलू नको. नाही विचारलं तर आपणहून सांगू नको. खरं काय ते मलाही कळत नाही गं. औषध मात्र चुकवू नको, तुझ्या सासूबाई काही म्हणोत. शेतातलं लाखोरीचं पीक उपटून झालं की येतेच.

जिवाला जप.

तुझी ताई

तिरोडा, २ मार्च

ती. ताईस सा. न.

रिंकूच्या मातीला तू आलीस, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. म्हणून लिहिते.

तुझं ऐकलं होतं. वाऱ्यात खिडकीशी बसली म्हणून रिंकूला चांगलं दटावलं, स्वेटर घालायला लावला. पोरगी चक्क हसली! आई बरी झाली, असं बाबाला सांगून आली. मग पहिल्यासारखं सगळं मला विचारू लागली. पाणी पिऊ का, मांडीवर येऊ का. आजाराचं मात्र कधीच विचारलं नाही. औषधानं पोरगी झोपूनच राहते, नको देऊ, असं सासूबाई म्हणायच्या. पण दिलं की तिच्या कपाळावरची आठी जायची, म्हणून देत राहिले. बरोबर केलं की चूक, देव जाणे.

सोमवारी दुपारी माझ्या मांडीवर होती. आई, आता झोपू का, म्हणाली. मी पाठीवर हात फिरवत हो म्हटलं. ती उठलीच नाही. तिला कळत होतं का? मी कशाला हो म्हटलं, ताई, मला अजून समजत नाही.

तुझी,
ओमेश्वरी