धक्क्यावरचा प्रश्न

प्रिय व्हर्ना,

परवा तू फोन मधेच ठेवलास, म्हणून हे पत्र. "या वयात कसली डिग्री, अ‍ॅव्हिस? नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून टीव्ही बघायला कॉलेज कशाला लागतं?" असं विचारलंस आणि उत्तर ऐकायला थांबली नाहीस. ते आता वाच. सदुसष्टाव्या वर्षी मी हॅलिफॅक्सला माध्यमांचा अभ्यास करते आहे आणि ही डिग्री पुरी करणार आहे. गुडघे दुखतात, तरी जिन्यानंच वर जाते. कुणी माझ्यासाठी दार धरून उभं राहिलं, तर आभार मानते आणि शेजारच्या दारानं आत शिरते.

टीव्ही कसा बघायचा हे इथे शिकवत नाहीत. बातमी कुठे कापली आणि कुठे जोडली, ते ओळखायला शिकवतात. माझं आयुष्य कोर्टात साक्षी टिपून घेण्यात गेलं, त्यामुळे मला ते लवकर कळलं. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर. प्रश्न गाळून नुसतं उत्तर टिपलं असतं, तर न्यायाधीशांनी मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. वर्गातली पोरं चांगली आहेत. पहिल्या आठवड्यात मला कुणाची तरी आजी चुकून आत आली आहे असं समजत होती. मॅकेना नावाची ओंटारियोची एक मुलगी आहे, केस निळे, तोंडाचा पट्टा अखंड चालू. तिनं विचारलं, "अ‍ॅव्हिस, तुला परीक्षेची भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "बाई गं, मी खुनाच्या खटल्यांत बसलेय. तुमच्या परीक्षेत फार तर कुणी नापास होईल." तेव्हापासून ती माझ्या शेजारी बसते.

आता जे फोनवर सांगायचं होतं ते. आमच्या प्राध्यापक थेरेसा कॉर्मिये जुन्या स्थानिक बातम्या दाखवतात. मागच्या हिवाळ्यात त्यांनी एक तुकडा लावला. धक्का, ढगाळ आकाश, मागे सार्डिन मासे डबाबंद करायचा कारखाना, आणि मफलर गुंडाळलेली एक पोरगी. बोटांना चिकटपट्ट्या, हातात मासे कापायची कात्री. बातमीदार विचारतो, "कारखाना बंद पडला आणि अख्खं गाव उपाशी राहिलं तर?" पोरगी कात्री उगारून म्हणते, "मला काडीचाही फरक पडत नाही!" वर्ग हसला. कुणीतरी म्हणालं, "काय बाई आहे! डेंजर!" थेरेसाबाई सांगत होत्या की कष्टकरी बाई रागावली की कॅमेरा तिच्या तोंडाच्या किती जवळ जातो ते बघा. मॅकेनानं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ती वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अगं, ही तूच आहेस! नाक बघ, नाक!"

आपल्या बाबांचं नाक, दुसरं काय. बाईंनी तुकडा थांबवला. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नव्हतंत." आता तो चेहरा पोरांच्या फोनमध्ये स्टिकर होऊन फिरतो. परीक्षा जवळ आली की एकमेकांना पाठवतात. तुला हसू येणार नाही हे ठाऊक आहे. मला आलं. चव्वेचाळीस वर्षांत त्या वाक्यावर मी पहिल्यांदाच हसले.

कारण त्या वाक्यानं मला आपलं गाव, सीलर्स कोव्ह, सोडायला लावलं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. गावातून कॉलेजात गेलेली मी एकटी, आणि डिग्री घेऊन परत आले ती आईच्या शेजारी मासे डब्यात भरायला. बायका चिडवायच्या, "कॉलेजवाली, डोकं उडवायच्या आधी माशाला लॅटिनमधून सांगतेस का गं?" पण मालकानं मासे वाहून आणणाऱ्या पट्ट्याचा वेग वाढवला, रोज कुणाचं ना कुणाचं बोट कापायला लागलं, तेव्हा त्याच बायका काम बंद करून म्हणाल्या, "अ‍ॅव्हिस, तू बोल. तुला बोलता येतं." मी बोलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या गावानं ते टीव्हीवर पाहिलं, आणि सोमवारी बायका मान खाली घालून कामावर गेल्या. मालकाला तोंडही उघडावं लागलं नाही. चर्चमध्ये आमच्या बाकावर आमच्याशिवाय कुणी बसेना. दुकानात थेल्मा माझ्या तोंडावर म्हणाली, "तुला काय गं, तुझ्याकडे डिग्री आहे. आमची पोरं काय खाणार, तुझं सर्टिफिकेट?" मी सांगत राहिले की मला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पण लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांपुढे माझं काय चालणार?

आणि मग तुझं माझ्यासाठी माफी मागणं सुरू झालं. दुकानात, चर्चच्या जेवणात, तुझ्या सासूसमोर, मर्लच्या आईसमोर. "ती मनानं वाईट नाही हो, रागात बोलून गेली." दरवर्षी नाताळात फोन करून मला सांगायचीस की अमकीलाही समजावलं, तमकीलाही समजावलं, लोक हळूहळू विसरताहेत. तुला वाटायचं तू मला सांभाळते आहेस. व्हर्ना, प्रत्येक माफीनं तू माझ्या वतीनं कबुली देत होतीस.

ऐक. थेरेसाबाईंनी आम्हाला त्या काळची रीत सांगितली. बातमीदाराबरोबर कॅमेरा एकच असायचा. तो बोलणाऱ्यावर रोखलेला. मुलाखत झाली, माणसं पांगली, की मग कॅमेरा बातमीदाराकडे वळवायचे आणि तो आपले प्रश्न पुन्हा एकटाच विचारायचा, समोर कुणी नसताना. नंतर दोन्ही जोडायचे. सगळे करायचे, त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. शब्द मात्र तेच असायला हवेत, आणि ते तपासायला तिथे कुणी नसायचं. मी घरी येऊन तो तुकडा पुन्हा लावला. मी बोलते तेव्हा माझ्या खांद्यामागे बोटींच्या केबिनी दिसतात, धक्क्याच्याही वर आलेल्या. भर भरती. तो विचारतो तेव्हा त्याच्यामागे धक्क्याच्या कडेवर नुसती डोलकाठ्यांची टोकं. बोटी पार खाली बसलेल्या. पूर्ण ओहोटी, सहा तासांनंतरची. माझ्या उत्तरानंतर अर्धी सकाळ आणि दुपारचं जेवण उलटल्यावर त्यानं तो प्रश्न विचारला होता! आपल्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही दिसावं असं ते होतं, आणि सगळ्या गावानं फक्त माझं तोंड पाहिलं.

वर्गात मी ते दाखवलं तेव्हा थेरेसाबाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या. समुद्रापासून दूर वाढलेल्या ओंटारियोच्या पोरांना आधी पाण्याचं काय ते कळेना. मॅकेना म्हणाली, "समुद्र एवढा खाली जातो? कुठे जातो?" मग सगळे एकदम बोलायला लागले. शेवटच्या वर्षाची माझी फिल्म त्याच दुपारी ठरली. तो बातमीदार, डाल्टन रीव्ह, कधीच वारला. त्याला खरा प्रश्न आठवला नाही की त्यानं मुद्दाम धार लावली, हे आता कळणार नाही. मला त्याच्या थडग्याशी भांडायचंही नाही. मला माझा प्रश्न परत हवा आहे. पण बाई कडक आहेत, माझ्यासारख्याच. म्हणाल्या, "पाण्यावरून एवढंच सिद्ध होतं की प्रश्न नंतर चित्रित झाला. तो बदलला होता हे कोण सांगणार? तुम्ही सांगून चालणार नाही." कोर्टातही हेच म्हणाले असते. मग त्यांनी तुकडा पुन्हा थांबवला आणि पडद्याच्या अगदी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. माझ्या कोटाची बाही धरलेला एक हात, पट्ट्यापट्ट्यांचा लोकरीचा हातमोजा घातलेला. "ही कोण?"

तो हातमोजा आईनं विणला होता. लाल लोकर संपली म्हणून अंगठा हिरवा. तू माझ्या इतकी जवळ उभी होतीस की तुझा श्वास मला ऐकू येत होता. रीव्हनं विचारलं होतं, "बोलल्याबद्दल तुम्हाला कामावरून काढलं तर?" मला. एकटीला. आणि मी उत्तर दिल्यावर तू माझी बाही ओढून म्हणाली होतीस, "शाब्बास गं." त्या नाताळात तुझं लग्न होतं आणि मर्ल कारखान्यात नुकताच मुकादम झाला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मी साक्षीला तुझं नाव कधी घेतलं नाही, आईसमोरसुद्धा नाही. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तू मागितली नाहीस, आणि माफ्यांचा मला कंटाळा आला आहे. पण मर्लला जाऊन आता दोन हिवाळे झाले, कारखान्याच्या जागी गाड्या उभ्या राहतात, आणि तुझ्या गप्प बसण्यानं वाचेल असं तिथे काही उरलेलं नाही. मी पुढच्या शनिवारी येते आहे. मॅकेना कॅमेरा धरील. तिला तुझं माशांचं चावडर सूप खाऊ घाल, बोलणं आपोआप थांबेल. आपण दोघी त्याच धक्क्यावर उभ्या राहू. तू कॅमेऱ्यासमोर मला तो प्रश्न विचार, जसा ऐकला होतास तसा, शब्दन्‌शब्द. नाही विचारलास, तर मी तिथे एकटी उभी राहीन आणि फिल्ममध्ये तुझ्या जागी रिकामा धक्का दिसेल. फिल्म मी पुरी करणारच. माझं उत्तर तेच आहे, त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही. तेवढी भरतीची वेळ पाहून ठेव. या खेपेला दोघींच्या मागे पाणी सारखं हवं.

तुझीच, अजूनही तितकीच हट्टी,
अ‍ॅव्हिस