माझ्या आतड्याच्या तुकड्याचा निकाल

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
कोठा-मेंदू संशोधन प्रकल्प, धाराशिव.

अर्जदार : शंभुलिंग गुरुसिद्धप्पा मडिवाळ, इस्त्रीवाले, रा. नळदुर्ग, ता. तुळजापूर.

विषय : माझ्या आतड्यातून काढलेल्या तुकड्याचा निकाल मलाच मिळणेबाबत.

संदर्भ : ‘सही जुळत नाही’ असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१. विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मागल्या वर्षी आपल्या प्रकल्पाचे शिबिर नळदुर्गात झाले. माझा कोठा बरेच दिवस साफ होत नव्हता आणि नाकाला वास लागत नव्हता. इस्त्रीखाली गुरुजींचे धोतर जळाले, ते मला धूर डोळ्यांत गेल्यावर कळले. एवढेच सांगायला मी गेलो होतो.

२. तेथे डॉ. राजेश्वरी मॅडमनी मला समजेल असे सांगितले. शरीरातल्या प्रथिनाला कपड्यासारखी घडी असते. एकाची घडी चुकली की ते शेजारच्याचीही चुकवते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, काही रोग्यांत ही चूक हात कापायच्या कितीतरी आधी आतड्यात सापडू शकते. दुर्बीण घालून बारीक तुकडा काढू, तपासू. मी जन्मभर घड्याच घातल्या; चुकीच्या घडीवर इस्त्री फिरली की ती किती हट्टी होते हे मला कोणी शिकवायला नको. अक्षर बारीक होत चाललंय का, असेही त्यांनी विचारले. मी हसून नाही म्हणालो. तेव्हा नव्हतेच. शेवटी म्हणाल्या, “काका, निकाल काहीही येऊ द्या, सगळ्यात आधी तुम्हाला मीच येऊन सांगणार.” कागद मी वाचला नाही, मॅडमच्या तोंडाकडे बघून सही केली. वर शेजारच्या बिभीषण टेलरलाही हाताला धरून नेले. त्याचाही निकाल आला नाही; तो आता माझ्याशी बोलत नाही.

३. मॅडम आल्या नाहीत. फोन लागतो, उचलत नाहीत. मधल्या काळात माझा उजवा हात कापू लागला, चालताना पाय घासू लागले. बाजारात लोक म्हणतात, म्हातारा प्यायला लागला. महोदय, माझ्या गळ्यात इष्टलिंग आहे. उभ्या जन्मात मी दारूला शिवलो नाही. गिऱ्हाईक तुटले ते सोडा. माझी पत्नी श्रीदेवी हिने परवा पाणी द्यायच्या निमित्ताने वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. लई लागलं मनाला. निकाल हातात असता तर तिथल्या तिथे तिच्यापुढे धरला असता.

४. सबब मी निकालासाठी अर्ज केला. आपण कळविले की, निकाल गोपनीय असून फक्त सहभागी व्यक्तीस देता येतो, आणि माझी सही संमतीपत्राशी जुळत नसल्याने मी ती व्यक्ती ठरत नाही. मग दुर्बीण कोणाला घातली होती? मी शंभुलिंग नसेन तर खऱ्या शंभुलिंगास शोधून माझ्याकडे पाठवावे, मलाही त्याला विचारायचे आहे की सही करण्याआधी त्याने विश्वास का ठेवला.

५. रागाच्या भरात मी संमतीपत्राची झेरॉक्स आणि माझ्या अर्जाची प्रत शेजारी धरली. सह्या खरेच जुळत नाहीत. शिबिरातली ऐसपैस, शेवटी लांब शेपूट. अर्जावरची पहिल्या अक्षराला ठीक, मग बारीक बारीक होत मुंगीएवढी झालेली. मला मॅडमचा प्रश्न आठवला आणि मी ओट्यावरच बसलो. महोदय, हात तोच आहे. सही जुळत नाही असे लिहून आपल्या कारकुनाने मला निकाल देऊन टाकला आहे.

६. तरी कागद आता नको. मॅडमना एकदा नळदुर्गला पाठवावे. त्यांनी माझ्या दारात उभे राहून श्रीदेवीला मोठ्याने सांगावे, शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने, की ही दारू नव्हे. मला सांगायचे राहिले तरी चालेल.

अजूनही आपला नम्र,
शंभुलिंग गु. मडिवाळ
(सही बारीक आहे. माझीच आहे.)
नळदुर्ग, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) संमतीपत्राची झेरॉक्स
२) आपले पत्र
३) डाव्या अंगठ्याचा ठसा. मी सातवी पास आहे, तरी देत आहे.