मायलेकींचा इसब

९ मार्च

चिंगे,

तू, जावईबापू आणि तुमचं ते दोन महिन्यांचं गाठोडं, तिघंही मजेत असाल. इथे सगळं ठीक. दुकानात कामाचा ढीग पडलाय. पांढरं कापड मात्र मी हल्ली शिवायला घेत नाही. काळं आणि गडद निळं तेवढं. कटिंगमास्तर म्हणतात, "बाई, पाटीच लावा ना, फक्त वकिलांचे कोट शिवून मिळतील!"

पांढरं का नको, ते त्यांनी विचारलं नाही. तूही विचारू नयेस म्हणून मी दर पत्रात लिहीत आले, हात छान आहेत.

नाहीत गं. बोटांना भेगा पडल्यात, कापडाला रक्त लागतं. तू पाठवलेलं मलम तुला इतकं मानवलं, म्हणून मीही वर्षभर इमानेइतबारे चोपडलं. मायलेकींचा इसब एकच, मग औषधही एकच, असं आपण दोघींनी परस्पर ठरवून टाकलं. तू एवढ्या मायेने पाठवतेस, त्याला नावं कशी ठेवायची?

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आधीच बजावलं, "वय झालं, चालायचंच, असं म्हणणार असाल तर मी निघते."

"वय झालंय म्हणूनच नीट बघायला हवं," त्या म्हणाल्या. "इसब दिसतो सारखा, पण आतलं भांडण वेगळं असू शकतं. तरुणपणी प्रतिकारशक्तीची एक फळी भडकलेली असते. वय वाढतं तशी ती बऱ्याच जणांत थोडी निवते, आणि दुसऱ्याच पेशी भांडायला पुढे येतात."

उतारवयातल्या कातडीचा अभ्यासही कमीच झालाय म्हणे. मनगटाजवळचा मसुराएवढा तुकडा तपासायला दिलाय. त्यावरून औषध बदलतील. गुण येईलच असं त्यांनी कबूल केलेलं नाही. मी मात्र पिच्छा सोडणार नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, नातीला बघायलासुद्धा येत नाहीस. माझ्यावर कसला राग आहे का?" मी शिलाईचं कारण पुढे केलं. राग कसला, चिंगे! इसब कुणाला लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या लोण्यासारख्या अंगाला हे खरखरीत हात लावायचा धीरच होईना.

हात बरे होण्याची वाट बघत बसले तर पोरगी शाळेत जायला लागेल. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दारातच तिला माझ्याकडे दे. मी नको म्हणाले तरी दे.

आहेत त्या हातांनिशी येणारी,
तुझी आई