खडकाकडची पायवाट

समुद्राकाठचे वनविश्रामगृह,
ता. ६ नोव्हेंबर १९७९

सौ. जिजाबाईस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. खोकला कमी आहे. तुझा तिखट चिवडा इथल्या वनरक्षकालाच जास्त आवडला.

हे राखीव रान फार देखणं आहे. झाडांतून आखलेल्या पायवाटा, खाली निळं पाणी. सहलीला आलेली माणसं हसत फिरतात. दसऱ्याच्या सुट्टीत आपला मनोहर त्याच्या शाळेतल्या इतर मास्तरांबरोबर असाच फिरला असेल. जागा इतकी सुंदर की राग येतो.

वनरक्षकानं तो खडक दाखवला. मनोहर फोटोसाठी टोकाला उभा राहिला, लाट आली, पाणी ओसरलं तेव्हा खडक रिकामा होता, असं तो म्हणाला. कोळ्यांना विचारलं. इथं ओढला गेलेला माणूस काठाला लागत नाही, असं ते म्हणतात.

सूनबाईला जप. लोभ आहेच, तो तुटू देऊ नये.

मारोतराव

नागपूर,
ता. १३ नोव्हेंबर १९७९

ती. मामाजींस, सासूबाई सांगतात तसं जयवंता लिहिते. शि. सा. न.

कोळ्याईले काय समजते? मनोहर लहानपणापासून अंबाझरीच्या तलावात पोहे. कुठंतरी काठाले लागला असन. खडक पाहून काहून बसले? गावोगाव पुसा. त्याले घेऊनच या. औषध घेत जा.

मामाजी, आता हे माझं. सासूबाई देवळात गेल्यात. रोज मला समोर बसवून त्या कुंकू लावतात. डोळे भरले की म्हणतात, जित्या माणसासाठी काहून रडतं वं? दिवाळीत नवं लुगडं नेसवलं. तुमचं पत्र मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, रिकाम्या खडकाचंही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

ते नाहीत ना? एवढंच लिहा. माया असू द्यावी.

जयवंता

वनविश्रामगृह,
ता. २० नोव्हेंबर १९७९

चि. जयवंतास आशीर्वाद.

पोरी, मनोहर नाही.

काल भटजींकडून दर्भाचा पुतळा करवून त्याला अग्नी दिला. राख घेऊन पायवाटेनं खाली उतरलो. समोरून एक कुटुंब गात येत होतं. मला पाहून ते गप्प झाले, बाजूला उभे राहिले. आपल्या घरची ती एवढीच अंत्ययात्रा.

जिजाबाईला मीच येऊन सांगेन, तू काही बोलू नकोस. कुहीला तुझ्या भावाला कार्ड टाकलं आहे. तो तुला न्यायला येईल. तुझं वय आमच्या दारात बसून सरायचं नाही. ती जाऊ नको म्हणेल. माझ्याही तोंडून त्या वेळी शब्द निघणार नाही. त्याचा अर्थ थांब असा घेऊ नकोस.

जा. आमच्यावरचा लोभ तिथूनही राहू दे.

तुझा मामाजी,
मारोतराव