‘फार्म्स’मध्ये शेती करण्यास मनाई आहे

प्रिय आणि आदरणीय हर्शेलमामा,

तुम्हाला आणि मामीला शेल्बीचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तो हवामान खात्याच्या आधी पावसाची बातमी देतो असं आई इथल्या शेजाऱ्यांना सांगत असते (त्यांना त्याचं फार नवल वाटतं, कारण त्यांचे गुडघे अजून कधी कामाला लागलेलेच नाहीत). मामीचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्याली का? आमच्याकडे सगळं उत्तम आहे. ‘उत्तम’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, आणि तो का, हे तुम्हाला कळेलच, फक्त पत्र अर्ध्यावर सोडून गोठ्यात जाऊ नका.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की त्या तुमच्या आखीव वस्तीत राहण्यात फायदा काय नि तोटा काय, ते एकदा कागदावर लिहून पाठव, म्हणजे मामीच्या ‘आपणही शहराजवळ जाऊ’ या भुणभुणीला उत्तर देता येईल. मी आपल्या घरातली पहिली पदवीधर (हे तुम्हीच चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतंत, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं खोरं माझ्याकडून विम्याची पत्रं वाचून घ्यायला लागलं), तेव्हा मी दोन्ही बाजू मांडूनच उत्तर देणार. आधी फायदे. नळाच्या पाण्याला गंधकाचा वास येत नाही. कचरा लोक येऊन घेऊन जातात, आणि वर हात करून ‘गुड मॉर्निंग’ही म्हणतात. रुग्णवाहिका बोलावली की येते. आपल्याकडे ओढ्याला पाणी असलं की ती येत नाही आणि नसलं की रस्ता चुकते. बर्फ पडला तर आपण उठायच्या आत रस्ता मोकळा झालेला असतो. आता तोटे. इथे घराच्या पुढच्या बाजूला कुणी बसतच नाही. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत शिरते, दार खाली येतं, आणि माणूस नाहीसा होतो तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. आई पहिला महिनाभर पुढच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायची. एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, “काही मदत हवीय का? पोलिसांना बोलावू?”

मार्चमध्ये सामान ट्रकवर चढवताना तुम्ही जी पैज लावली होतीत, ती मी विसरलेले नाही. तुम्ही आईबद्दल म्हणाला होतात, “नेड्राला ती वस्ती मानवायची नाही. कणसं भरायच्या आत ती परत येईल. मी तिचं खालचं वावर मोकळं ठेवतो.” आणि आली नाही तर तुम्ही नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला इथे येऊन, टोपी काढून, माझ्या टेबलावर जेवाल असं कबूल केलं होतंत. खरं सांगते मामा, मला तेव्हा फार राग आला होता. बाबा गेल्यावर त्या खोऱ्यात आईनं एकटीनं राहू नये म्हणून मी नोकरी लागल्या लागल्या हे घर घेतलं, आणि तुम्ही ती जणू चार दिवस माहेरपणाला चालली आहे अशा थाटात हात हलवत होतात. पण मनातून भीतीही होती.  आई आजोबांच्या पांढऱ्या मक्याच्या बियाण्याची बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची, आणि तिच्याकडे बघत भांडी घासायची.

ते बियाणं, तुम्हाला ठाऊकच आहे, दर वर्षी पेरावंच लागतं. तुमच्याकडचं गेल्या वर्षीच्या पुरात गेलं, त्यामुळे उरलं तेवढं आईच्या बरणीत. मे महिन्यात मी ऑफिसातून आले तर पुढच्या अंगणातली हिरवळ उकरलेली, आईच्या हातात फावडं, आणि तुम्ही मोठ्या प्रेमानं धाडलेलं शेणखत पसरलेलं. (तुमच्या गाईंची कीर्ती त्या दिवशी वस्तीच्या फाटकापर्यंत पोचली.) मागच्या अंगणात का नाही, तर तिथे सगळा उतार नि शेजारच्या दुमजली घराची सावली. मक्यावर घेवडा चढवला, खाली भोपळे सोडले, आणि कावळे यायला लागल्यावर बाबांचा जुना डगला घालून मध्ये बुजगावणं उभं केलं. आई परत गाणी म्हणायला लागली होती. मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, हा मका वाळेपर्यंत उभा राहील. तो गेला तर बियाणं गेलं, आणि बियाण्याच्या पाठोपाठ आईही खोऱ्यात परत गेली.

जुलैमध्ये सोसायटीची नोटीस आली. आमच्या वस्तीचं नाव ‘हॅरोडेल फार्म्स’. फाटकावर दगडात कोरलेला नांगर आहे. आणि नियम असा की घराच्या दर्शनी भागात शेती करण्यास सक्त मनाई आहे. नियमांचं पुस्तक मी एका बैठकीत वाचून काढलं, तुम्ही बियाण्यांचा कॅटलॉग वाचता तसं. त्यात कुंपणाचा रंग आहे, टपालपेटीची उंची आहे, कुत्र्यानं किती वेळ भुंकावं तेही आहे. अध्यक्षीण मिसेस कॉफमन, सत्तरीच्या, ताठ, नेहमी हातात मोजपट्टी. त्यांच्यापुढे मी सुनावणीत अर्धा तास बोलले. स्वातंत्र्य म्हणजे काय, या देशाचा पाया छोट्या शेतकऱ्यानं घातला तो कसा, आणि ज्या वस्तीच्या नावातच शेत आहे तिनं मक्याला घाबरावं यातला विरोधाभास, असे माझे तीन मुद्दे होते. कमिटीतले एक गृहस्थ दुसऱ्या मुद्द्याला झोपी गेले. निकाल विरुद्ध गेला. मी अपील केलं. ते ऐकायला सप्टेंबर उजाडला (ऑगस्टमध्ये सगळी कमिटी समुद्रावर होती), आणि तेव्हा मी आणखी लांब बोलले. माझ्या भाषणांनी कुणाचंही मन वळलं नाही, पण मका तेवढ्या काळात चांगला डोक्यावर गेला, तेव्हा शिक्षण वाया जात नाही हे तुमच्या नातवंडांना जरूर सांगा. शेवटचा निर्णय असा झाला की ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मिसेस कॉफमन स्वतः माणूस नि यंत्र घेऊन येतील आणि सगळं कापून नेतील. वाळायला त्यापुढेही आठवडाभर हवा होता. आईनं माळ्यावरून रिकामी खोकी खाली काढली. कशाला, ते मी विचारलं नाही.

आता इथली एक रीत सांगते. ऑक्टोबर लागला की जी माणसं वर्षभर मातीला हात लावत नाहीत, ती दुकानातून मक्याच्या वाळक्या ताटांच्या पेंढ्या विकत आणतात आणि दाराशी बांधतात. गवताचे भारे आणतात, त्यांवर भोपळे मांडतात, आणि एक बुजगावणं विकत आणून बसवतात, ज्याला बघून एकही कावळा उडत नाही. समोरच्या रॉननं तर प्लास्टिकची कणसं लावली आहेत, रात्री पेटणारी. या सजावटीची स्पर्धा असते, आणि तिची वेगळी उपसमिती असते. तर त्या शनिवारी सकाळी आई नि मी पायरीवर बसलो होतो, मी तिसरं भाषण पाठ करत होते, तेवढ्यात उपसमितीच्या दोन बायका हातात पाटी घेऊन आल्या. अंगणापुढे येऊन उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. एकीनं छातीवर हात ठेवला. म्हणाली, किती खरं वाटतंय हे. दुसरीनं घेवड्याचे वेल हातात घेऊन विचारलं की एवढं बारीक काम कुठल्या दुकानानं करून दिलं. बुजगावण्याच्या डगल्याचा खिसा मुद्दाम फाडलाय का, असंही तिनं विचारलं.

मामा, मी उठले. मला खोटं सहन होत नाही, तुम्हाला माहीत आहे. ही सजावट नव्हे, हे पीक आहे आणि तो आमचा हक्क आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि आईनं माझ्या पायावर पाय दिला. बाबांचे खाणीतले बूट घातले होते तिनं. मी खाली बसले. आई त्या बायकांना अगदी गोड आवाजात म्हणाली, “घरीच केलंय हो सगळं.” त्यांनी ‘प्रथम क्रमांक’ची पाटी मक्यात रोवली, आमचा फोटो काढला आणि गेल्या.

त्यांची पाठ वळते न वळते तोच मिसेस कॉफमन आल्या, मागे कापणीचं यंत्र घेऊन एक माणूस. त्यांनी पाटी वाचली. पुस्तक उघडायची गरजच नव्हती, ते कलम त्यांनाही पाठ आणि मलाही: बक्षीसपात्र सजावटीला थँक्सगिव्हिंगपर्यंत कुणीही हात लावू नये. त्यांनी यंत्रवाल्याला हातानं थांबवलं. मग मोजपट्टी बगलेत धरून मक्यात शिरल्या, एका कणसाची सालं मागे ओढली, आणि दाण्यावर अंगठ्याचं नख रोवून बघितलं. शोभेच्या मक्यावर कुणी नख रोवत नाही, मामा. आईनं ते बघितलं आणि ती उभी राहिली.

“ही सजावट नाही, एवढं मला कळतं,” मिसेस कॉफमन म्हणाल्या.

“मग किती दिवस राहिलेत तेही कळत असेल,” आई म्हणाली.

“आठवडा. पाऊस आला तर दहा दिवस.” त्यांनी सालं परत नीट लपेटली. “आमच्या इंडियानातल्या घरी पिवळा असायचा. पांढरा मी फक्त ऐकला होता.” मग यंत्रवाल्याकडे वळून त्या म्हणाल्या, “तू जा बाबा. इथे काही कापायचं नाही.”

आता एवढ्यावर थांबतील तर त्या मिसेस कॉफमन कसल्या. सजावटीला हात लावायचा नाही हा नियम आम्हालाही लागू, याची आठवण त्यांनी जाता जाता दिली. म्हणून दहा दिवसांनी आई नि मी दाणे भरलेली कणसं आतून काढली आणि रिकामी सालं पुन्हा सुतळीनं बांधून जागच्या जागी ठेवली. त्या कामाला तिसरी एक बाई स्टूल घेऊन आली होती. तिचं नाव मी लिहीत नाही, पण मोजपट्टी तिनं घरी ठेवली होती. नंतर तिनं आमच्याकडे घेवडा नि लोखंडी तव्यातली मक्याची भाकरी खाल्ली, आणि आता रोज संध्याकाळी आईशेजारी पुढच्या पायरीवर खुर्ची टाकून बसते. रॉनही परवा गॅरेजमधून चालत बाहेर आला. तेव्हा सगळं तोलून पाहता, मामीला खुशाल सांगा की या वस्तीत राहण्यात फायदे जास्त आहेत. कणसं भरली, वाळली, घरात आली, आणि आई इथेच आहे. टोपी काढायची तयारी ठेवा.

तुमची लाडकी आणि विजयी भाची,
शेल्बी

ता.क. थँक्सगिव्हिंगला येताना तुमचा ट्रक कृपया वस्तीच्या बाहेर, चर्चच्या आवारात लावा. एकच दार उरलेली आणि मागे कोंबड्यांचे पिंजरे असलेली गाडी दर्शनी भागात चालत नाही. मी तुमच्यासाठी सवलत मागितली होती, पण कमिटीनं नाही म्हटलं. आई आता कमिटीवर आहे.

ता.क. २. रॉनला पुढच्या वर्षासाठी थोडं शेणखत हवं आहे. प्लास्टिकला ते लागत नाही, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

ता.क. ३. हे पत्र खरं तर यासाठी लिहिलं: खालच्या वावरात एवढ्यात गुरं सोडू नका. आईनं बियाण्याच्या कणसांचे दोन ढीग केले आहेत. लहान ढीग या अंगणापुरता आहे. मोठा कुठे पेरायचा, ते तिनं सांगितलं नाही, फक्त काल सहज विचारल्यासारखं विचारलं की मे महिन्यात मला किती रजा मिळेल. एप्रिलअखेर तेवढी नांगरट करून ठेवा, आम्ही दोघी पेरणीपुरत्या येऊ आणि परत जाऊ. हे वाचून मामीकडे बघून हसू नका. पैज मीच जिंकले आहे.